ऊन, वळीव आणि दव: ठाणे-नवी मुंबईत उघड्यावरची मैफल ऐकायला जाताना

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दिवाळी होऊन गेली होती, तरीही पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला. त्याच्या आठवडाभर आधी, २६ ऑक्टोबरला, याच मैदानावरचा भारत-बांगलादेश सामना पावसात वाहून गेला होता. गाण्याचे मोठे कार्यक्रमही इथेच होतात. १० मे २०१७ ला जस्टिन बीबर आला तो भर उन्हाळ्यात. यू-टू १५ डिसेंबर २०१९ ला आणि कोल्डप्ले १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ ला आले ते थंडीत. मैदान एकच, पण प्रत्येक वेळी श्रोत्यानं सोबत न्यायचं सामान वेगळं.

ठाण्यात उपवन तलावाकाठचा कला महोत्सव, तलावपाळीची दिवाळी पहाट, सोसायटीच्या गच्चीवरची कोजागरी हे सगळंही उघड्यावरच. कार्यक्रम लहान असो की मोठा, आपल्याकडचं हवामान एका दिवसात तीन-चार रंग दाखवतं. दुपारी तीनला रांगेत डोकं तापतं, सहाला घामानं शर्ट अंगाला चिकटतो, आठला एखादी सर येऊन जाते आणि अकराला स्टेशनकडे चालताना अंग शहारतं. म्हणून तयारी महिना बघून थांबवू नका, दिवसाचं घड्याळ समोर ठेवून करा. आणि कुठल्या परिस्थितीत कार्यक्रम सोडून निघायचं, हे घरातच ठरवून ठेवा. गाणं रंगात आलं की उठायला जीव होत नाही आणि नेमका तेव्हाच उशीर होतो.

आधी महिना बघा

ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात हा सगळ्यात फसवा काळ. मोसमी पाऊस मुंबई परिसरातून माघारी फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरली जाते, पण ती सरासरी आहे. हस्ताचा पाऊस गडगडाट घेऊन येतो आणि परतीच्या सरी दिवाळीपर्यंत रेंगाळू शकतात. त्यात ऑक्टोबर हीट. सकाळपासून कडक ऊन, दुपारी सह्याद्रीवर ढगांचे मनोरे आणि संध्याकाळी विजांसह पाऊस, असा क्रम या दिवसांत वारंवार दिसतो. हे ढग बदलापूर, कर्जत, मुरबाडच्या बाजूला वाढतात आणि वरचे वारे पूर्वेकडून वाहत असले की ठाणे-नवी मुंबईवर सरकतात. म्हणजे पाऊस समुद्राकडून नाही, डोंगराकडून येतो. ज्यांना जून-जुलैचा पाऊस बघायची सवय आहे ते पश्चिमेकडे बघत बसतात आणि ढग पाठीमागून येतो.

डिसेंबर-जानेवारीत पावसाची भीती कमी, पण दिवस आणि रात्र यांतला फरक मोठा. दुपारी तीस-बत्तीस अंश आणि मध्यरात्री सतरा-अठरा, हे इथे नेहमीचं आहे. हवा कोंडल्यामुळे धूरकट धुकंही साचतं. दम्याच्या माणसाला त्याचा त्रास गारठ्यापेक्षा जास्त होतो.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मे पर्यंत खरा शत्रू ऊन आणि दमटपणा. आपल्याला दुपारी वाचवतो तो समुद्रावरून येणारा वारा. मार्चमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले की तो उशिरा सुटतो, आणि तो उशिरा सुटला की पारा चढत जातो. ठाणे, ऐरोली, कळवा या पट्ट्यात तो कुलाब्यापेक्षा उशिरा आणि कमजोर होऊन पोचतो, म्हणून मुंबईचा आकडा बघून ठाण्याची कल्पना करू नका. मे महिन्यात वळीव आणि धुळीची वादळं. १३ मे २०२४ ला असंच वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. तो दिवस उघड्यावरच्या कार्यक्रमाला जाणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवायला हवा, त्याबद्दल पुढे बोलतोच.

जून ते सप्टेंबरमध्ये उघड्यावर तिकीट लावून कार्यक्रम फारसे होत नाहीत, आणि तेच बरं. मोसमी पाऊस मुंबईत पोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मे लाच दाखल झाला. मेच्या शेवटच्या आठवड्यातला कार्यक्रम असेल तर तो पावसाळ्यातलाच समजा.

तिकीट काढताना

नकाशावर मैदान उघडा आणि पश्चिम कुठे आहे ते बघा. पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये बसलात तर सूर्य पाठीमागे राहतो आणि छपराची सावली लवकर मिळते. पूर्वेकडच्या स्टँडमध्ये बसलात तर मावळेपर्यंत ऊन थेट तोंडावर. दोन्हीकडचे दर सारखे असतील तर विचार करण्याचं कारणच नाही. सोबत आई-वडील, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर उभं राहण्याचं तिकीट घेऊच नका, छपराखालची बसण्याची जागा घ्या. मात्र छपराखालीही अगदी पुढच्या रांगा तिरक्या पावसात भिजतात, मधल्या रांगा बऱ्या.

उपवनसारख्या ठिकाणी वेगळा हिशेब. येऊरचा डोंगर पश्चिमेला असल्यानं सूर्य लवकर आड जातो, त्यामुळे संध्याकाळचं ऊन कमी लागतं. पण त्याच डोंगरामुळे पश्चिमेकडून येणारा ढग डोक्यावर येईपर्यंत दिसत नाही. तलावाकाठी डासही असतात, फुल पँट घाला आणि डास पळवणारं मलम लावून जा.

तिकिटाच्या अटी पूर्ण वाचा. तीन गोष्टी शोधा. पाऊस आला तरी कार्यक्रम होणार का, रद्द झाला तर पैसे परत मिळणार की पुढची तारीख मिळणार, आणि अर्धा कार्यक्रम झाल्यावर थांबला तर काय. त्यानंतर काय आत नेता येत नाही ती यादी वाचा. बहुतेक मोठ्या कार्यक्रमांत छत्री, पाण्याची बाटली, सेल्फी स्टिक आणि मोठी बॅग गेटवर अडवतात, काही ठिकाणी पॉवर बँकही. गेटवर काढून ठेवलेली वस्तू परत मिळेल असं समजू नका. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत येता येतं का, हेही बघा. येत नसेल तर गाडीत ठेवलेला स्वेटर काही कामाचा नाही.

अंदाज कसा वाचायचा

पाच-सहा दिवस आधीच्या अंदाजावरून फक्त कल कळतो. दोन दिवस आधीपासून भारतीय हवामान विभागाचा ठाणे आणि रायगड जिल्ह्यांचा इशारा रोज बघा. नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, पण खारघर, पनवेल रायगडमध्ये, त्यामुळे कार्यक्रम खारघरला असेल तर रायगडचा इशारा बघायचा. ही चूक फार जण करतात.

इशाऱ्याचे रंग चार. हिरवा म्हणजे काळजी नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पिवळ्यात जायला हरकत नाही, फक्त सामान पूर्ण न्या. नारिंगी असेल तर लहान मुलं आणि वयस्कर माणसं घरी राहिलेली बरी. लाल असेल तर तिकीट कितीही महाग असो, जाऊ नका. इशाऱ्याखाली बारीक अक्षरात कारण लिहिलेलं असतं, ते वाचा. 'विजांच्या कडकडाटासह सोसाट्याचा वारा' आणि 'मुसळधार पाऊस' हे दोन वेगळे धोके आहेत. मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर. तो नुसता भिजवतो आणि रस्ते तुंबवतो. वारा-विजेचा पाऊस मोजायला गेलं तर थोडाच असतो, पण मैदानावरच्या माणसाला तोच जास्त घातक.

उन्हाळ्यात किनारी भागासाठी उष्णतेच्या लाटेचा निकष कमाल तापमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त असा आहे. हा आकडा मैदानी शहरांपेक्षा कमी आहे याचं कारण दमटपणा. घाम वाळतच नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. नागपूरचे ४२ अंश ऐकून आपल्या ३७ ला हलकं लेखू नका.

निघायच्या दिवशी सकाळपासून तीन गोष्टी फोनवर हव्यात. 'मौसम' अॅप, ज्यात पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा येतो. 'दामिनी' अॅप, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं बनवलेलं, जे तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का ते दाखवतं. आणि हवामान विभागाच्या मुंबई रडारचं चित्र. रडार बघणं अवघड नाही. एक चित्र बघा, वीस मिनिटांनी दुसरं बघा, आणि लाल-पिवळा डाग कुठून कुठे सरकला ते ओळखा. कर्जतवरचा डाग पनवेलकडे येत असेल तर तुमच्याकडे तास-दीड तास आहे. हिवाळ्यात दम्याच्या माणसांनी 'समीर' अॅपवर हवेची गुणवत्ताही बघावी, आणि इनहेलर खिशात ठेवावा, बॅगेत नको.

अंगावर काय आणि पिशवीत काय

छत्री विसरा. आत नेऊ देत नाहीत, आणि दिली तरी मागच्या माणसाला रंगमंच दिसत नाही, वाऱ्यात ती उलटते, काडी कुणाच्या डोळ्यात जाते. त्याऐवजी डोक्यावरून घालायचा पातळ पॉन्चो घ्या, म्हणजे कमरेखाली येणारा बिनबाह्यांचा रेनकोट. तो पाठीवरच्या छोट्या बॅगेवरूनही बसतो आणि खालून हवा खेळते. पूर्ण बंद रेनकोट आपल्या दमट हवेत आतून घामानं तेवढाच भिजवतो. वापरून फेकायचे पॉन्चो स्वस्त मिळतात, पण ते गर्दीत फाटतात. जरा जाड घ्या, वर्षानुवर्षं टिकतो.

कपड्यांचा एकच नियम सगळ्या महिन्यांना लागत नाही. नुसतं ऊन असेल तर सैल, फिक्या रंगाचं सुती. पावसाची शक्यता असेल तर पटकन वाळणारं पॉलिस्टर, कारण भिजलेलं सुती कापड रात्रभर अंगावर ओलं राहतं. जीन्स पावसात नकोच. ती जड होते, मांड्या घासल्या जातात आणि सकाळपर्यंत वाळत नाही. जानेवारीत थरांवर थर घाला. आत सुती टी-शर्ट, वर पातळ विंडचीटर, आणि आजी-आजोबांसाठी माकडटोपी, मग कुणी काही म्हणो. डोकं आणि कान झाकले की निम्मी थंडी पळते.

पायांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. मैदानावरचं गवत वाचवायला आयोजक प्लास्टिकच्या किंवा प्लायवूडच्या फळ्या अंथरतात. चार थेंब पडले की त्या गुळगुळीत होतात. चप्पल नको, सपाट तळाचे फॅन्सी बूटही नकोत. तळाला खाचा असलेले, आधी घालून सैल झालेले बूट हवेत. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत असू द्या. रात्री स्टेशनवर ओले मोजे काढून कोरडे घातले की सगळ्या शिणाचा अर्धा भाग उतरतो.

बाकी पिशवी हलकी ठेवा. एक पंचा. टॉवेलपेक्षा तो बरा, कारण उन्हात ओला करून मानेवर टाकता येतो, पावसात अंग पुसता येतं, गारठ्यात कानांना गुंडाळता येतो आणि पिळला की लगेच वाळतो. ओआरएसची दोन पाकिटं. रोजची औषधं. जिपलॉकच्या तीन पिशव्या. शंभर आणि पन्नासच्या नोटा मिळून चार-पाचशे रुपये, कारण गर्दीत नेटवर्क बसतं आणि यूपीआय फिरत राहतं. कचऱ्याची एक मोठी काळी पिशवी, जी ओल्या गवतावर बसायला, बॅग झाकायला आणि परत येताना ओले कपडे भरायला लागते.

फोनची तयारी घरी करा. तिकिटाचा क्यूआर कोड स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि एक छापील प्रत जिपलॉकमध्ये ठेवा. ओल्या बोटांनी ओल्या पडद्यावर फोन उघडत नाही, गेटवर मागे हजार माणसं उभी असतात. जिपलॉकमधून पडदा चालतो, आधी घरी करून बघा. फिंगरप्रिंट मात्र पिशवीतून लागत नाही, म्हणून पिन पाठ असू द्या. उन्हात फोन खिशात उलटा ठेवा, तापला की तो स्वतःच बंद होतो.

निघण्याआधीचा मेसेज

चार जण जाणार असाल तर सगळ्यांना सकाळी एक मेसेज पाठवा. साधारण असा:

'आज पाच वाजता नेरुळ स्टेशन पूर्वेला भेटायचं. आत चुकामूक झाली तर आपण आलो त्या गेटच्या डाव्या हाताला प्रथमोपचाराच्या तंबूशी थांबायचं, शोधत फिरायचं नाही. वीज दिसली की सगळे स्टँडच्या आत. कुणाला गरगरलं तर एक जण सोबत बाहेर येणार, आज ती पाळी माझी. साडेदहाला कार्यक्रम संपो न संपो, आत्या आणि मी निघणार. नेटवर्क नसेल तर साधा एसएमएस करा.'

या मेसेजमध्ये भेटण्याची जागा, जागा सोडण्याचं कारण आणि निघण्याची वेळ आली. माणसं आधी कबूल झाली की मैदानावर वाद होत नाहीत. गर्दीत इंटरनेट अडतं तेव्हाही एसएमएस बऱ्याचदा जातो, म्हणून शेवटचं वाक्य गाळू नका.

दुपार: रांग आणि ऊन

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानावर एका पुरस्कार सोहळ्याला लाखो माणसं उन्हात बसली होती. डझनाहून जास्त जण उष्माघातानं गेले. ती माणसं काही धावत नव्हती, नाचत नव्हती. नुसती बसली होती. गाण्याच्या कार्यक्रमात तर आपण रांगेत उभे असतो, उड्या मारतो आणि लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी टाळतो. बायका हे फार करतात, कारण तिथल्या स्वच्छतागृहांची अवस्था माहीत असते. तरीही पाणी टाळू नका. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर थोडं थोडं करून प्या. घराबाहेर पडताना ताक किंवा कोकम सरबत पिऊन निघा, उपाशी जाऊ नका. आत गेल्यावर सगळ्यात आधी पिण्याच्या पाण्याची जागा शोधा, रंगमंच नंतर.

दोन-तीन तास घाम गाळल्यावर नुसतं पाणी पुरत नाही, मीठही लागतं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवा. निम्म्या पाण्यात घट्ट करून प्यायल्यानं फायद्याऐवजी अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा. चहाचा चमचा, सपाट, डोंगर नाही. टेट्रापॅकमधली रंगीत गोड पेयं ओआरएस नव्हेत. किडनीचा विकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. बीअरनं तहान भागत नाही, उलट पाणी जास्त जातं.

ऊन लागण्याचे दोन टप्पे ओळखा. पहिल्यात भरपूर घाम, डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांना गोळे. सावलीत न्या, बूट सैल करा, पंचा ओला करून मानेवर ठेवा, घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. दुसऱ्या टप्प्यात माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, चिडतो, आपलं नाव सांगताना अडखळतो. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. हा उष्माघात, आणि इथे मिनिटं मोजायची असतात. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, नाचणाऱ्या तरुण पोरांना घाम येत असतानाही तो होतो. लगेच १०८ ला फोन करा, प्रथमोपचार तंबूकडे माणूस पळवा, आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. आधी थंड करायचं, मग हलवायचं.

आभाळ भरून आलं तर

वळीवाचा किंवा परतीचा गडगडाटी पाऊस येण्याआधी खुणा देतो, आणि त्या ओळखणारा माणूस गर्दीच्या दहा मिनिटं पुढे असतो. आधी दमटपणा असह्य होतो आणि वारा पडतो. पूर्वेला पारसिक किंवा माथेरानच्या दिशेला ढगाचा पांढरा मनोरा दिसतो, त्याचा माथा पसरट होतो आणि बूड काळंनिळं. मग अचानक गार वाऱ्याचा झोत येतो, मातीचा वास येतो, धूळ आणि कागदाचे ग्लास उडू लागतात. लोक त्या गारव्यानं खूश होऊन ओरडतात. नेमका तोच क्षण हलण्याचा. ढगातून खाली आदळलेली थंड हवा पावसाच्या पुढे धावते, आणि तिच्यापाठोपाठ पाच-पंधरा मिनिटांत पाऊस, वारा आणि विजा एकदम येतात.

पहिल्या झोताबरोबर एलईडी पडदे, स्पीकरचे मनोरे, प्रकाशाचे खांब, कमानी, होर्डिंग आणि मंडपाच्या कापडापासून लांब व्हा. वस्तू जेवढी उंच, निदान तेवढं अंतर तरी मध्ये सोडा. झाडाखाली उभं राहू नका. आपल्याकडचे गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष दिसायला भक्कम, पण फांद्या ठिसूळ, वादळात पहिल्या त्याच तुटतात. जनरेटर, जमिनीवरच्या वायरी आणि लोखंडी बॅरिकेड यांना ओल्या हातानं शिवू नका, रेलून तर मुळीच उभं राहू नका.

विजेसाठी मोजणी सोपी आहे. चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आडोशाला जा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर येऊ नका, पाऊस थांबला तरी. आडोसा म्हणजे पक्की इमारत, स्टेडियमच्या स्टँडखालची काँक्रीटची जागा किंवा पत्र्याचं छत असलेली बंद गाडी. मंडप, तिकिटाची खोपटी आणि रिक्षा हा आडोसा नाही. काहीच नसेल तर उघड्यावर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका, आणि एकमेकांपासून लांब राहा.

पाऊस सुरू झाला की सगळे एकाच गेटकडे धावतात, आणि मला विचाराल तर त्या क्षणाची भीती विजेहूनही जास्त बाळगावी. आत आल्याबरोबर दुसरं गेट कुठे आहे ते बघून ठेवा. गर्दीच्या मधोमध उभं राहू नका, कडेला राहा, गाणं तिथूनही तेवढंच ऐकू येतं. लोंढा आला तर त्याच्या विरुद्ध जाऊ नका. दोन्ही हात छातीसमोर घ्या म्हणजे श्वासाला जागा राहते, आणि धक्का ओसरेल तेव्हा तिरकं तिरकं कडेला सरका. फोन पडला, चप्पल निघाली तरी वाकायचं नाही. मूल असेल तर त्याला छातीशी उचला, हात धरून मागे ओढू नका. रांग फार दाटली असेल तर भिजत दहा मिनिटं थांबणं केव्हाही बरं.

रात्र आणि पहाट

हिवाळ्यात सूर्य गेल्यावर तासाभरात फरक जाणवतो. थंडी वाजण्याची वाट न बघता, घाम पुसून, विंडचीटर आधीच चढवा. घामानं ओल्या अंगावर खाडीकडचा वारा लागला की दुसऱ्या दिवशी घसा बसतो. दिवाळी पहाटेला पाच वाजता गवतावर किंवा सतरंजीवर बसणार असाल तर खाली प्लास्टिक अंथरा, दव खालून वर भिजवतं. वयस्कर माणसांसाठी घडीचा स्टूल न्या, ओल्या थंड जमिनीवर तासभर मांडी घातली की गुडघे उठू देत नाहीत.

परत येताना

रविवारचा कार्यक्रम असेल तर हार्बर मार्गाचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघा, तो बहुधा दुपारी चारपर्यंत असतो आणि जातानाच अडचण करतो. ठाण्याहून नेरुळला ट्रान्स-हार्बरनं थेट येता येतं. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा आणि शेवटच्या गाडीच्या आधीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा. शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका. पावसात रिक्षा मिळत नाही आणि अॅपवरच्या टॅक्सीचे दर भडकतात. स्टेडियमपासून नेरुळ स्टेशनपर्यंत लोकांच्या सोबतीनं चालत जाणं जास्त खात्रीचं.

जोराचा पाऊस झाला असेल तर भरतीची वेळ बघा. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसलेला आहे. भरती असली की पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ते धारण तलावांत साठवून ओहोटीला सोडतात. भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी मुसळधार असेल तर पाणी रस्त्यावरच राहतं. अशा वेळी तासभर स्टेशनजवळ थांबा, ओहोटी लागली की रस्ते उतरतात. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर पहिला तुंबतो, तिकडून जाण्याचा हट्ट नको. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर रस्त्याच्या मधून चाला, कडेला उघडी गटारं असतात, आणि विजेच्या डीपीपासून लांब राहा.

घरी पोचल्यावर

कितीही दमलात तरी साबणानं पाय धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पायाला जखम होती आणि तुंबलेल्या पाण्यातून चाललात, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लेप्टो म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून होणारा ताप. त्याची प्रतिबंधक गोळी पहिल्या एक-दोन दिवसांत घेतली तर उपयोगाची, आणि ती कोणाला द्यायची, किती द्यायची हे डॉक्टरच ठरवतील. दुकानातून स्वतः आणू नका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

उन्हात गेलेल्यांनी दुसऱ्या दिवशी लघवीचा रंग बघा. गडद पिवळा असेल तर पाणी अजून भरून निघालेलं नाही. बूट वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, उन्हात ठेवले तर तळ सुटतो. पॉन्चो दोरीवर पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका, नाहीतर पुढच्या वेळी उघडताना चिकटून फाटेल.